साडेसदतीस सेंटिमीटर

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोसमोर नाही, मुलांसमोर नाही. देवासमोर तर नाहीच. देवासमोर मी उलट डोळे मिटून खोटं बोललो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ जमेल असं वाटतं. ओळखीच्या माणसाला सांगायला बसलं की त्याचा चेहरा आधी दिसतो, आणि मग मी भलतंच काहीतरी बोलायला लागतो. पोटदुखीचं. हवापाण्याचं.

माझं नाव सुधाकर. वडील वर्ध्याकडचे, नोकरीसाठी जबलपूरला आले, इथल्या फॅक्टरीत लागले. पुढं मीही त्याच फॅक्टरीत लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. गेज सेक्शनला होतो. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला पार्ट मोजायचा आणि मापात बसत नसेल तर बाजूला काढायचा. एक केसभर फरक असला तरी बाजूला. सुधाभाऊनं मोजलं म्हणजे झालं, असं लोक म्हणायचे. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही — नाही, थांबा. मोठेपणा म्हणूनच सांगतोय. तो मोठेपणा नसता तर पुढचं काही झालंच नसतं.

मोजणाऱ्या माणसाला एक खोड लागते. पार्ट चुकला तर त्याला आश्चर्य वाटत नाही. बरोबर आला तरच शंका येते — हा असा सरळ कसा आला? कुणी काही चलाखी तर केली नाही? पार्टांपुरतं ते ठीक. पण मी माणसांनाही तसंच बघायला लागलो होतो. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही.

रमेश ठोंबरे माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मशीन शॉपला फिटर. आमच्या इस्टेटमध्ये — फॅक्टरीच्या क्वार्टर्सच्या वसाहतीला आम्ही इस्टेट म्हणतो — सिमेंटचं एक बास्केटबॉल कोर्ट आहे. मी तिथं रेफ्री होतो, आणि ठोंबरेनं तिथं मुलींची टीम उभी केली होती. घरोघरी जाऊन, आयांची समजूत काढून. ड्युटी संपली की घरी न जाता हा माणूस थेट कोर्टावर यायचा, खांद्यावर बॉलची जाळी टाकून. त्याची एकुलती एक मुलगी ऋतुजा त्याच टीममध्ये होती. तेव्हा सोळाची. लांबून बॉल टाकण्यात तिच्यासारखी आख्ख्या जिल्ह्यात दुसरी नव्हती. बॉल सुटल्यावर तिचं मनगट पाणी झटकल्यासारखं खाली यायचं, आणि ती रिंगकडे बघायचीसुद्धा नाही. वळून परत धावायला लागायची. इतकी खात्री.

मला त्या खात्रीचा त्रास व्हायचा का? व्हायचा. माझी दोन्ही मुलं कधी कोर्टाकडं फिरकली नाहीत.

मग नियम बदलले. जगात आधीच बदलले होते, आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला इतकंच. जिल्ह्याच्या बास्केटबॉल समितीचे सेक्रेटरी दुबेजी यांनी सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या घरी आम्हा सगळ्या रेफ्रींना आणि कोचना बोलावलं आणि नव्या कोर्टाच्या नकाशाचे झेरॉक्स वाटले. रिंगखालचा पट्टा आधी एंडलाइनकडं, म्हणजे रिंगमागच्या शेवटच्या रेषेकडं, परकरासारखा पसरत जायचा, तो आता सरळ चौकोनी झाला होता. रिंगच्या अगदी खाली एक छोटा अर्धगोल नवीन आला होता. आणि तीनची लाईन — ती मोठी कमान, जिच्या बाहेरून बॉल टाकला की दोनच्या जागी तीन पॉइंट मिळतात — ती रिंगपासून सव्वासहा मीटरवर होती, ती पावणेसातवर गेली.

अर्धा मीटर म्हणजे किती? एक पाऊल. पण ते पाऊल सोळा वर्षांच्या मुलीच्या दंडाला विचारा.

परत येताना ठोंबरे स्कूटर चालवत होता, मी मागं बसलो होतो. तो मान वळवून म्हणाला, "सुधाभाऊ, पोरींना जड जाईन हे. सराव करताना आधी थोडं जवळून, मग हळूहळू मागं नेलं तर?"

कुठल्याही कोचनं म्हणावं असंच वाक्य. मला मात्र ते भलतंच ऐकू आलं. मला वाटलं, हा मुलीसाठी लाईन आत घ्यायचं बघतोय. आज सरावात घेईल, उद्या कोर्टावर रंगवून टाकील. दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन दुबेजींना फोन केला. कुणी विचारलं नव्हतं. म्हणालो, "ज़रा ध्यान रखिएगा, ठोंबरे जी की बेटी भी उसी टीम में है।" दुबेजी म्हणाले, "अच्छा?" एवढंच म्हणाले. पण संशय पेरायला एवढी जागा पुरते.

नवी आखणी करायचं काम माझ्याकडं आलं. दुसऱ्या कुणाकडं जाणार होतं? मे महिना होता. पश्चिमेकडची बाजू आम्ही दोघांनी एका रविवारी आखली. ठोंबरेनं टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. आणि मी पूर्ण वेळ टेपकडं कमी, त्याच्या बोटांकडं जास्त बघत होतो. ढिली धरतोय का हा? एक सूत पुढं सरकवतोय का? मी तीनदा मोजायला लावलं. तीनदा बरोबर आलं. उन्हानं त्याच्या मानेवरची कातडी लाल झाली होती, पण तो एकदाही म्हणाला नाही की पुरे. त्याचाही मला संशय आला. इतका मुकाट कशाला राहतो माणूस?

पूर्वेकडची बाजू मी एकट्यानं करायची ठरवली. ठोंबरेची सकाळची शिफ्ट होती त्या दिवशी मुद्दाम रजा टाकली, आणि उन्हात जाऊन बसलो. लक्षात ठेवा — त्या दिवशी तो तिथं नव्हता. मी एकटा होतो.

कमान आखायची म्हणजे रिंगच्या मध्याच्या बरोबर खाली खिळा ठोकायचा, त्याला दोरी बांधायची आणि पावणेसात मीटरवर चुन्याचा गोल फिरवायचा. रिंगमधून ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, सोडला की खिळ्याची जागा सापडते. पण पूर्वेची रिंग तेव्हा जागेवर नव्हती. वाकली होती, वेल्डिंगला गेली होती. नुसता बोर्ड उभा. मग मी बोर्डाच्या पुढच्या अंगानं ओळंबा सोडला. बोर्डापासून रिंगचा मध्य साडेसदतीस सेंटिमीटर पुढं असतो. तेवढं पुढं सरकायचं आणि खिळा ठोकायचा. पाठ होतं मला ते. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

तेवढ्यात शालिनी, माझी बायको, पाण्याची बाटली घेऊन आली. डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभी राहिली आणि म्हणाली, "ठोंबरे भाऊजींना येऊ द्यायचं होतं न. एकटे काहून करून राहिले?"

मला राग आला. साध्या प्रश्नाचा माणसाला इतका राग कधी येतो? उत्तर सांगण्यासारखं नसलं की येतो. मी तिला घरी जायला सांगितलं, जरा जोरातच. ती गेली. मी हातोडी उचलली, आणि ओळंब्याचं टोक जिथं टेकलं होतं तिथंच खिळा ठोकला. पुढं सरकलोच नाही.

कमान तेवढी आत आली. पट्टा एंडलाइनपासून मोजायचा असतो, तो बरोबर आला. छोटा अर्धगोल रंग कमी होता म्हणून नंतरवर ठेवला. दुसऱ्या दिवशी ठोंबरेनं माझ्या चुन्यावर पांढरा रंग ओढला. उकिडवा बसून, श्वास रोखून, माझ्या रेषेच्या बाहेर कणभर न जाता. मी बाकावर बसून त्याच्या ब्रशवर नजर ठेवत होतो — हा कुठं आत सरकतो का म्हणून.

इथवर चूक होती. चूक कुणाचीही होते. एवढंच असतं तर तुम्हाला कशाला सांगत बसलो असतो?

पाऊस सरल्यावर मी राहिलेला छोटा अर्धगोल आखायला गेलो. रिंग परत आली होती. दुपारी ग्राउंडवर कुणी नव्हतं. रिंगमधून ओळंबा सोडला, तो स्थिर व्हायची वाट बघितली, आणि खाली वाकलो. मे महिन्यातल्या खिळ्याचं भोक सिमेंटमध्ये अजून दिसत होतं. ते ओळंब्याखाली नव्हतं. एंडलाइनच्या बाजूला, बरंच मागं होतं. टेप लावायची गरज नव्हती, तरी लावली. साडेसदतीस.

मी त्या भोकात बोटाच्या टोकानं माती भरली.

हे मी केलं. पहिली गोष्ट हीच केली. मग उभा राहून चहूकडं बघितलं — कुणी बघितलं तर नाही? पाण्याच्या टाकीजवळ एक माणूस सायकल धुवत होता. तो माझ्याकडं का बघतोय, असं वाटलं. तो बघतही नव्हता.

आता सांगा, त्या वेळी काय करायचं होतं? ठोंबरेला बोलवायचं, भाऊ, चुकलं म्हणायचं, रंग खरवडून काढायचा. एका दिवसाचं काम. तो हसला असता, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलींनी मागून बॉल टाकायला सुरुवात केली असती. पण गेज सेक्शनचा सुधाकर हातभर चुकला हे इस्टेटभर झालं असतं. मी स्वतःला म्हटलं, दिवाळीत नवा रंग देतील तेव्हा गुपचूप सरकवू. दिवाळीत रंग दिला नाही. मी त्याची आठवणही कुणाला करून दिली नाही.

आणि मुली रोज पूर्वेलाच सराव करायच्या. संध्याकाळी त्या रिंगकडं तोंड केलं की ऊन पाठीशी येतं, डोळ्यांत जात नाही. ऋतुजा रोज त्या कमानीवरून शंभर बॉल टाकायची. ठोंबरे मोजायचा. मी बाकावर बसून बघायचो.

जानेवारीत आमच्या कोर्टावर जिल्ह्याची फायनल झाली. आमच्या मुली आणि दुसऱ्या एका कॉलनीच्या मुली. ऋतुजाचं नाव विभागाच्या कॅम्पच्या यादीत आलेलं होतं, यादी दुबेजींच्या खिशात होती आणि दुबेजी मंडपात बसले होते. रेफ्री मी. दुसऱ्या हाफला आमच्या मुलींना पूर्वेची रिंग मिळाली. ऋतुजानं बाहेरून एकामागून एक पाच बॉल टाकले. पाचही वेळा तिचे पाय त्या कमानीच्या जेमतेम बाहेर होते, आणि पाचही वेळा तीन बोटं वर करणारा हात माझा होता. मला माहीत होतं. ती लाईन खोटी आहे हे त्या ग्राउंडवर एकट्या मला माहीत होतं, आणि मी शिट्टी तोंडात धरून बोटं वर करत होतो.

आम्ही जिंकलो. समोरच्या टीमचे कोच टाळी न देता सरळ पूर्वेच्या रिंगखाली गेले. पावलं मोजली. पश्चिमेला जाऊन मोजली. मग मोठ्यानं टेप मागितली.

सगळे गोळा झाले. पश्चिमेला पावणेसात भरले. पूर्वेला सहा मीटर आणि साडेसदतीस. कुणीतरी आकडा मोठ्यानं वाचला. मग ते कोच म्हणाले, "वाह। घर का ग्राउंड, घर की बेटी, और लाइन भी घर की।"

लोक हसले. ऋतुजा टॉवेल तोंडाला लावून उभी होती. टॉवेल तिनं खाली घेतलाच नाही.

एक साधी गोष्ट होती, जी कुणीही बोलू शकलं असतं. पहिल्या हाफला समोरच्या मुलींनीही त्याच रिंगवर, त्याच कमानीवरून खेळ केला होता. सवलत दोन्ही टीमना सारखीच होती. ठोंबरेनं ते सांगायचा प्रयत्न केला, पण बापाचं कोण ऐकतं? रेफ्री बोलला असता तर ऐकलं असतं. रेफ्री शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता.

दोन दिवसांनी दुबेजींनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. आम्ही ठोंबरेच्याच स्कूटरवर गेलो. समोरासमोर खुर्च्या. दुबेजींनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मार्किंग किसकी है?"

माझ्या तोंडून लगेच उत्तर आलं. "नाप मेरा, पेंट इनका। चूना मैंने सही डाला था।"

एवढंच. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा खोटा. आणि तो ऐनवेळी सुचला, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. घाबरलो होतो, तोंडून निघून गेलं. पण खरं काय? ते वाक्य मी खिळ्याच्या भोकात माती भरली त्या दुपारपासून घासूनपुसून ठेवलेलं होतं. कधी लागलंच तर म्हणून.

दुबेजींनी ठोंबरेकडं बघितलं, आणि त्या नजरेत मला माझाच जुना फोन दिसला. ज़रा ध्यान रखिएगा. संशय तयारच होता. आता फक्त त्याला माणूस मिळाला.

ठोंबरे भांडेल असं मला वाटलं होतं. त्याची मी तयारीही केली होती. तो भांडला नाही. माझ्याकडं बघत राहिला, रागानं नाही, कोड्यात पडल्यासारखा. मग म्हणाला, "सुधाभाऊ ने नापा है तो सही ही नापा होगा।"

फायनल रद्द झाली. ठोंबरेची कोचिंग काढून घेतली. कॅम्पच्या यादीतून ऋतुजाचं नाव "फिलहाल" म्हणून कापलं, आणि असल्या यादीत फिलहाल कापलेलं नाव परत कधी येत नाही हे तिघांनाही माहीत होतं.

परतताना त्यानं रस्त्यात एका टपरीपाशी स्कूटर थांबवली. चहाचे ग्लास हातात घेऊन आम्ही उभे होतो. त्यानं चहा प्याला नाही. खाली बघत म्हणाला, "सुधाभाऊ, एक सांगा. माझ्याकडूनच झालं असन का हे? वाऱ्यानं चुना सरकला असन, मले नीट दिसला नसन. काल रात्रभर आठवून राहिलो. आता मलेच खात्री वाटत नाई. तुमचं माप तर चुकणार नाई."

तुम्ही ऐकताय न? त्यानं माझ्यावर संशय घेतला नाही. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेत आलेल्या माणसासमोर तो उभा होता, आणि माझ्यावर संशय घेण्याऐवजी त्यानं स्वतःच्या हातावर घेतला. वाऱ्यानं चुना हातभर सरकतो का? फिटर होता तो. त्याला कळत नव्हतं? पण माझ्या मापावरचा त्याचा विश्वास त्याच्या अकलेपेक्षा मोठा होता.

तिथं, त्या टपरीवर, कुणी तिसरं नव्हतं. सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी. मनावर घेऊ नको. तू मुद्दाम केलं असं मी कुठं म्हणालो?"

"नाई नाई, तुम्ही नाई म्हणाले," तो घाईघाईनं म्हणाला. जसं काही मलाच वाईट वाटू नये. मग त्यानं स्कूटरच्या मागच्या सीटवरची धूळ बाहीनं पुसली, मला बसायला.

त्यानंतर मला बढतीच मिळाली म्हणा. जिल्ह्यातली सगळी कोर्टं नव्या नियमाप्रमाणं तपासायचं काम दुबेजींनी माझ्यावर सोपवलं. मी शाळाशाळांतून फिरलो, लोकांच्या चुका काढल्या, कागदावर सही केली. पूर्वेची लाईनही मीच दुरुस्त केली. ऋतुजा त्यानंतर दोनदा कोर्टावर आली. नव्या लाईनवरून टाकलेला तिचा बॉल रिंगच्या अलीकडंच पडायचा. तिसऱ्यांदा ती आली नाही. ठोंबरेही यायचा बंद झाला. त्याची बॉलची जाळी बरेच दिवस कोर्टाच्या कुंपणाला टांगलेली होती, मग तीही कुणीतरी नेली.

शालिनीनं मला एकदाच विचारलं. पोळ्या लाटत होती, पाठ माझ्याकडं. म्हणाली, "पूर्वेची बाजू तर तुम्ही एकट्यानं आखली होती न? मी पाणी घेऊन आली होती त्या दिवशी."

मी म्हणालो, "तुले काय समजते त्यातलं?"

तिनं पुढं काही विचारलं नाही. पण त्यानंतर ती कुठल्याही मॅचला आली नाही, आणि ठोंबरेच्या घरी हळदीकुंकवाला जायचं तिनं बंद केलं. तिथं कुठल्या तोंडानं जायचं, असं तिला वाटत असेल का? म्हणजे तिला माहीत आहे का? मी आजही तिच्या चेहऱ्यावर ते शोधत असतो. ताट वाढताना, औषधाची गोळी हातावर ठेवताना. ती काहीच दाखवत नाही. की दाखवण्यासारखं काही नाहीच? बघा, हे असं चालतं माझं.

ठोंबरेच्या बाबतीतही तेच. तो भेटला की नमस्कार करायचा, "कसे आहात सुधाभाऊ?" म्हणायचा. मला वाटायचं, याला सगळं कळलंय. हा वाट बघतोय. माझ्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमात हा उठून उभा राहील आणि सगळ्यांसमोर बोलेल. त्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कार्यक्रमात तो खरंच उठून उभा राहिला. म्हणाला, "सुधाभाऊंकडून मी काम शिकलो," आणि हार घालून खाली बसला. त्या वाक्यातही मी कितीतरी दिवस टोमणा शोधत होतो. टोमणा नव्हता हो त्यात.

तुम्हाला वाटेल, झालं, हेच सांगायचं होतं. मलाही सुरुवात करताना वाटलं होतं की इथंच थांबावं. हे सांगून मोकळं व्हावं. पण याच्या पुढचं एक आहे, आणि ते जुनं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळी मी नर्मदेवर ग्वारीघाटला जातो. त्या दिवशी पायऱ्या उतरत असताना मागून कुणीतरी "काका" म्हणून हाक मारली. वळून बघितलं तर ऋतुजा. ओळखायला वेळ लागला. इंदूरला नोकरी करते, मैत्रिणीच्या लग्नाला आली होती. एकटीच होती. तिनं वाकून नमस्कार केला. इकडचं तिकडचं झालं. मी विचारलं, बाबा कसे आहेत? ती म्हणाली, ठीक असतील. असतील म्हणाली. आहेत नाही म्हणाली.

मग फुलवाल्यांच्या गर्दीतून बाजूला घेऊन तिनं विचारलं, "काका, एक बात पूछूँ? खरं सांगाल?"

मला वाटलं, आली ती वेळ.

"बाबांनी ती लाईन माझ्यासाठी आत घेतली होती का? जानबूझकर?"

तीच बोलत राहिली. थोडं मराठी, थोडं हिंदी, जशी ही मुलं बोलतात तशी. म्हणाली, बाबांना मी कधी विचारलं नाही. पूछने की हिम्मत ही नहीं हुई. पण मला तेव्हापासून वाटतं की घेतली. आई म्हणते त्यांच्या हातून चुकून झालं, पण इतनी बड़ी चूक हाथ से होती है क्या? मग मला त्यांचा राग येतो. मी घरी येते, त्यांच्यासमोर बसते, आणि बोलताच येत नाही. आणि मग असंही वाटतं काका, की मी खरंच चांगली खेळत होते की नाही, हेच मला माहीत नाही. ते पाच बास्केट माझे होते की त्यांचे?

नदीकडं बघत बोलत होती ती. मग तिनं माझ्याकडं बघितलं. सगळ्या जबलपुरात ज्याचं माप चुकत नाही अशा माणसाला तिनं विचारलं होतं.

आता माझं काय जाणार होतं? नोकरी संपलेली. दुबेजी वारलेले. कोर्टावर मला ओळखणारं पोर उरलेलं नाही. एक वाक्य बोलायचं होतं — बेटा, लाईन मी आखली, चूक माझी, तुझ्या बाबांनी काही केलं नाही. एवढं. एका वाक्यात तिला तिचा बाप परत मिळाला असता.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे बेटा. बापाचं मन असतं. पोरीसाठी माणूस काय नाही करत?"

गैरसमज करून घेऊ नका. भीतीनं नाही बोललो मी ते. अगदी मायेच्या आवाजात बोललो. माझ्या आवाजातली माया मला स्वतःला ऐकू येत होती, आणि ती मला आवडली.

ती म्हणाली, "अच्छा." नुसतं अच्छा. तिचा चेहरा मला सांगता येत नाही. पुन्हा पाया पडली, म्हणाली थँक्यू काका, तुम्ही निदान खरं बोललात. आणि पायऱ्या चढून गेली. नंतर कुणाकडून तरी कळलं की त्या वेळी ती वडिलांकडं गेलीच नाही. लग्न आटोपलं आणि दुपारच्या गाडीनं परत इंदूरला.

ठोंबरे आता शहपुऱ्याला राहतो, बायकोच्या माहेराजवळ. तब्येत बरी आहे म्हणतात. जबलपूरहून तिथं जायला बसनं तासभर लागतो, आणि बस दिवसभर असतात.

मी अजून गेलेलो नाही.